छपराखालची फट

"हॅलो?… हो, मीच. मीच उचलणार ना, घरात दुसरं आहे कोण?"

मान्शिक अंगणात घोटाभर बर्फात उभा होता. बायको सोलच्या इस्पितळातून बोलत होती. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते. सहाही कोंबड्या धडधाकट राहतील असा नवऱ्याकडून शब्द घेतला, तेव्हाच ती गाडीत बसली होती. त्यांतली सगळ्यांत म्हातारी, तांबडी, काल सकाळी मेली. हे सांगायचंच असं ठरवून मान्शिकने काल तीनदा फोन लावला, आणि तिन्ही वेळा गुडघ्याची चौकशी करून ठेवला.

"गुडघा कसा आहे?… काल विचारलं? मग आज परत विचारतो… अगं मिरानची आई, ऐक ना… कोंबड्यांना काय धाड भरलीये. खातायत. हो, हो, मका वाढवलाय… पाणी? दिवसातून चारदा कोमट करून देतो. मला कुणी एकदा देत नाही…"

पाण्याबद्दल तो बराच वेळ बोलला. किटली कोणती, ओतताना हात कसा भाजला, सगळं. खरं बोलायला मिळतंय तोवर बोलून घ्यावं, असा त्याचा बेत होता.

"बाहेर? छे, बर्फावर पायच ठेवत नाहीत. दारात उभ्या असतात, पिसं फुगवून, एक पाय पोटाशी धरून. गावसभेतल्या म्हाताऱ्यांसारख्या… टाकला ना पेंढा… तुरे? तुरे कसे म्हणजे?… टोकं जरा काळी पडलीत… जरा म्हणजे… बरीच… व्हॅसलिन लावलंय… फट? कुठली फट?"

फट कुठली ते त्याला चांगलं ठाऊक होतं. थंडीच्या तोंडावर गावात घरोघर खिडक्यांना प्लास्टिक लावतात. बायको मात्र खुराड्याच्या छपराखाली वीतभर फट उघडी ठेवायची. कोंबड्या तिथे हवा खायला बसतात का, असं मान्शिक तीस वर्षं विचारत आला होता. यंदा ती नव्हती आणि प्लास्टिकची अर्धी गुंडाळी उरली होती. त्याने खुराडं असं बंद केलं, की शेजारच्या छोल्गुला मुद्दाम बोलावून दाखवलं.

"बुजवली… हो… प्लास्टिकने. चारी बाजूंनी… मला वाटलं, ऊब राहील… हो, सांगितलं होतंस. दर वर्षी सांगायचीस… आतून टपटप पाणी गळत होतं गं. त्यांच्याच श्वासाचं. सगळ्या भिजलेल्या… काढलं, काढलं, सगळं ओरबाडून काढलं…"

तांबडी आता अगदी ओठांवर आली होती.

"आणि ते… ऐक ना… काय? फोन? त्यांच्यापुढे?… कोंबड्यांशी फोनवर बोलणार तू?… बरं बाई, धरतो."

त्याने आवाज मोठा करून फोन खुराड्याच्या दारासमोर धरला. रोजच्या सकाळच्याच सुरात "गुगुगुगु" अशी हाक आली. पाच माना एकदम वर झाल्या. एक पेंढ्यावर उतरली. मग तिच्यामागे बाकीच्या पेंढा सोडून सरळ बर्फात, पाय उंच उचलत, निघाल्या आणि फोनभोवती येऊन उभ्या राहिल्या. मान्शिक चार दिवस मूठभर दाणे घेऊन त्यांच्या विनवण्या करत होता.

त्याने फोन कानाला लावला.

"आल्या गं. बर्फातून आल्या… हो, सगळ्या… किती म्हणजे?… पाच."

दार सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

"नाही… मागे नाही राहिली… तांबडी… काल सकाळी… हो, त्या ओलीनेच गारठून. माझ्यामुळेच… पुरणार कशी? जमीन गोठलीये, कुदळ लागत नाही. किमचीच्या रांजणांमागे बर्फात ठेवलीये… छोल्गु म्हणाला, सूप कर. हाकलून दिला त्याला… हॅलो?… अगं, आहेस ना?… शिव्या दे हवं तर… सुन्ये?"

तीस वर्षांत त्याने तिला 'मिरानची आई' सोडून नावाने कधी हाक मारली नव्हती. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

पाचही कोंबड्या माना वर करून फोनकडे बघत बर्फात उभ्या होत्या. मान्शिकने तो बराच वेळ कानावरून खाली घेतला नाही.