खालचं वावर

अकोल्याच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक बहीण-भाऊ मातीचा रिपोर्ट वाचत होते.

“चंदन, हे ‘अ‍ॅक्वर्ट’ काय हाय?”

“मातीचं नाव हाय, ताई. त्यातल्या ‘अ‍ॅक्व’चा अर्थ पाणी. असं नाव असलं, का जमीन पाणथळ समजायची.”

“म्हंजे खालचं वावर चिबड हाय? तिथं संत्रा लावीन म्हणत होती मी.”

“मुळं सडतीन.”

“अन् वाटणीत तेच मले देऊन राहिले तुमी.”

“दादाले हे माहीत नाही.”

“तुले?”

“मले रिपोर्ट सोमवारी भेटला.”

“मंग सांगितलं काहून नाही?”

“वाटलं, तुले ते नाव समजणार नाही.”

“अन् आज काहून सांगितलं?”

“तू विचारलं.”

“उद्या सह्या करायच्या आधी दादासमोर हेच सांगशीन?”

“सांगतो.”