उसाची भावकी

कार्तिकातली द्वादशी होती, संध्याकाळी तुळशीचं लगीन, आणि मी सकाळीच कोयता घेऊन खाडीकडच्या बांधावर कास तोडत होते. कास म्हणजे ते उंच गवत, पांढरा तुरा येतो ते. दर वर्षी आमच्या नारळ-केळीच्या वाडीत घुसतं, आणि पान असं धारेचं की हात कापतो. म्हटलं, संध्याकाळी माणसं येणार, वाट तरी मोकळी करू.

माझं माहेर दातिवरे, सासर शिरगाव. आमच्या माहेरच्या बायकांत एक रीत हाय, दुसरीकडे असेल तर मला ठाऊक नाय. तुळशीच्या लग्नात ऊस मामा म्हणून नवरीच्या मागे उभा करतात, ते तुमाला माहीत असेल. पण आमच्यात मुलगी सासरी निघाली की ओल्या फडक्यात गुंडाळून उसाची एक कांडी तिच्यासोबत देतात, ती तिने सासरच्या वाडीत लावायची, आणि दर वर्षी त्याच बेटातला मामा तुळशीमागे उभा करायचा. विकतचा चालत नाय. माझ्या आईने तिच्या माहेराहून तशीच आणली, तिच्या आईने तिच्या माहेराहून. जाड, जांभळा ऊस, दाताने सोलावा असा मऊ. मी नवरी होऊन आले तेव्हा सासू म्हणाली दागिने दाखव, मी आधी कांडी मातीत लावली, हात धुतले, मग दागिने दाखवले. सासूला तेव्हाच कळलं, ही कशी हाय ते.

तर काय सांगू तुमाला, यंदा भाद्रपदाच्या अमावास्येला उधाण आलं, बांध फुटला, खारं पाणी वाडीत शिरलं. नारळांनी सोसलं, केळी गेल्या, आणि माझं बेट वाळत वाळत एका उसावर आलं. एकच ऊस, शेंड्याला हिरवा. माहेराहून परत आणावा तर तिथे भावाने चिकू लावताना बेट कधीच उपटून टाकलेलं. म्हणजे हा तोडून उभा केला की संपलं, कारण लगीन लागल्यावर अख्ख्या मामाचे तुकडे करून पोरांना खायला वाटतात, तीही रीतच. आणि नाय तोडला तर तुळस मामाशिवाय उभी. माझी धाकटी जाऊ सुनंदा म्हणाली, ताई, बोईसरच्या बाजारात मोळ्याच्या मोळ्या पडल्यात, आणा एक, तुळस काय विचारणार हाय मामा कुठल्या गावचा. मी म्हटलं, तुझ्या लग्नात तुझा मामा बाजारातून आणला होता काय?

तेवढ्यात मानसी आली बांधावर. मानसी माझी भाची, भावाची मुलगी, कॉलेजात झाडापाल्याचं शास्त्र शिकवते. भाऊ लगीन कर लगीन कर म्हणून तिच्या मागे लागलाय, ती हसते नि बस पकडते. माझ्या हातातला कोयता बघून ओरडली, आत्ये थांब, ते उसाच्या भावकीतलं हाय. मी म्हटलं, हे? ह्याने माझं बोट कापलंय बघ. म्हणाली, भावकीच ती, कापणारच.

तिने कासेचं एक ताट घेतलं नि वाडीत नेऊन माझ्या उसाशेजारी धरलं. ही पेरं बघ, म्हणाली, पेराजवळचा हा डोळा बघ, पान कांडीला कसं लपेटलंय बघ. बघितलं. ताट बोटापेक्षा बारीक, पण सगळं तसंच. आता चावून बघ. चावलं. आधी नुसती काडी लागली, काडीच, आणि मग जिभेच्या मागे कुठेतरी गोड. थोडं. मी परत चावलं. गोडच होतं.

मग ती सांगत बसली आणि मी कोयता खाली ठेवून ऐकत बसले, हे माझ्याकडून सहसा होत नाय. म्हणाली, जाड गोड ऊस मुळात पार समुद्रापलीकडच्या बेटांवरचा, तिथली माणसं होडीत कांड्या घालून मुलूख बदलत गेली, ऊस त्यांच्यासोबत गेला. तो गोड पण नाजूक, रोगाला लगेच बळी पडायचा. शंभरेक वर्षांमागे दक्षिणेत कोणी त्याचा कासेशी संकर केला, आणि आज शेताशेतात जो ऊस उभा हाय त्याच्यात हे रानगवत हाय. तुझ्या जुन्या जांभळ्यात बहुतेक नसेल. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं शेचाळीस, शेतातल्या त्या संकराच्या उसाच्या पेशीत शंभराच्या वर. मी म्हटलं, म्हणजे माझ्यापेक्षा ऊस भरलेला? म्हणाली, खूपच.

पण खरी गोष्ट पुढेच होती. म्हणाली, शेतकरी ऊस बी पेरून लावत नाय, तोडून लावतो, म्हणून आत्ये, हा तुझा ऊस आजीच्या उसाचं पोर नाय. तोच हाय.

तोच. आईने फडक्यात बांधला तोच, तिच्या आईने बांधला तोच. बायका म्हाताऱ्या झाल्या, गेल्या, गावं बदलली, आणि तो एकच जीव वाडीतून वाडीत चालत माझ्यापर्यंत आला. त्या होडीतल्या माणसांनीही कांडी ओलीच ठेवली असणार. मला दातिवऱ्याहून शिरगाव लांब वाटलं होतं. मी उसाला हात लावून बघितला, रोज लावते तसाच, पण रोजच्यासारखं वाटलं नाय.

मग माझं ठरलं. ऊस मामा, तर उसाचा भाऊही मामाच. तुऱ्यासकट उंचशी कास बघून तोडली आणि संध्याकाळी तुळशीमागे उभी केली. सुनंदा म्हणाली, ताई, मामा अगदीच पिकलेल्या केसांचा आणलात. मी म्हटलं, अक्षता टाक. मंगलाष्टकं झाली, वारा आला, तुऱ्याची म्हातारी उडून सगळ्यांच्या डोक्यावर बसली, पोरं हसली. त्यांना पोहे-गूळ वाटला. लगीन लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो ऊस बुंध्याशी तोडला, कांड्या केल्या, विहिरीजवळच्या गोड मातीत लावल्या. एक ओल्या फडक्यात बांधून मानसीच्या हातात दिली. ती म्हणाली, आत्ये, माझं लगीन कुठे ठरलंय? मी म्हटलं, ठरो नाय तर राहो, कांडी थांबायची नाय. आडवी लाव, डोळे बाजूला येऊ देत, आणि खाऱ्या पाण्यापासून लांब. तिला रिक्षात बसवली आणि फावडं घेऊन बांध भरायला गेले. कास होती तिथेच ठेवली. वाट जरा वळवून घेतली.