वाचल्याची पोच

नागिसाकी पोलीस चौकी. मंगळवार, ता. १४ मे.

नाव: फुसाए मिझोगुची. वय: ७१ वर्षे. धंदा: मासळी वाळवून विकणे. राहणार: धक्क्यामागची आळी, नागिसाकी. कुटुंब: पती मयत, मुलगा एक, सून एक, नात एक. नात असल्याचे मला परवा रविवारी समजले.

मी आपण होऊन चौकीत आले असून समक्ष जबाब देते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. मुलगा तेप्पेई उत्तरेकडे सापोरोला नोकरीस आहे. माझे पती वारल्यावर त्यांची 'चिनामी' नावाची होडी मी विकली, त्यावरून मुलाचे आणि माझे वाजले. त्यात कोण काय बोलले ते येथे लिहू नये. गावाला ते आधीच पाठ आहे.

फोनवर बोलू लागलो की आम्हा दोघांचेही डोके फिरते, म्हणून मुलाने सुचवले की आपण मेल लिहू. लिहिताना माणूस जरा थांबतो. त्यानेच माझ्या नावाने मेलचे खाते काढून दिले. माझ्याकडे संगणक नाही. आमच्या आळीच्या सभागृहात एक आहे, तो कोणीही वापरावा असा नियम आहे. पण मेलचा पत्ता मला टंकता येईना. एखादा ठिपका चुकायचा आणि भलतेच काहीतरी उघडायचे.

तेव्हा निवृत्त पोस्टमास्तर हाराशिमा यांनी मला मदत केली. त्यांनी माझे मेलचे पान उघडले, वर पत्त्याच्या शेजारी कुलपासारखी खूण असते ती माऊसने धरली, ओढत आणून पडद्यावरच्या मोकळ्या जागेत सोडली. तेथे एक चित्र तयार झाले. त्याला शॉर्टकट म्हणतात. खाली त्यांनी माझे आडनाव लिहिले. त्यावर दोनदा टिचकी मारली की थेट माझी पत्रे. पासवर्डही संगणकाच्याच लक्षात ठेवला. मी विचारले होते, दुसऱ्या कोणी उघडले तर? मास्तर हसले.

"अहो मिझोगुचीबाई, आपल्या आळीत कोण उघडणार आहे दुसऱ्याचं पत्र?"

हे शब्द त्यांचेच आहेत. त्या दिवशी मी त्यांना वाळवलेल्या बांगड्यांची एक जुडी दिली होती. ती परत मागत नाही, पण नोंद असावी.

मास्तरांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली. न वाचलेले पत्र ठळक अक्षरात दिसते, वाचलेले फिकट. ठळक काही नसेल तर नवे काही नाही, खुशाल बंद करून घरी जा. मी तसेच करत आले. सुरुवातीला मुलाची पत्रे ठळक दिसत, मी एका बोटाने उत्तर देत असे. गेल्या शरदापासून एकही ठळक पत्र दिसले नाही. दर शनिवारी मी सभागृहात गेले, चित्रावर टिचकी मारली, सगळे फिकट पाहिले आणि बंद करून परत आले. मुलगा रागावला असेल असे समजले. लिही म्हणून मागे लागणे माझ्या स्वभावात नाही.

आमच्या आळीत सूचनांची पाटी घरोघर फिरत असे. प्रत्येक घराने ती वाचायची, वाचल्याचा शिक्का मारायचा आणि शेजारी द्यायची. कोणाचा शिक्का राहिला ते सगळे बघत, आणि त्या घराकडे वर्षभर तसेच बघत. गेल्या शरदात आळीचे प्रमुख इवामोतो यांनी सभेत जाहीर केले की आता पाटी बंद, सूचना सभागृहातल्या संगणकावर. दर शुक्रवारी प्रत्येक घरातून एकाने यावे, पडद्यावरची सगळी चित्रे एकेक करून उघडावीत आणि वाचावीत. त्या दिवशी माझ्या पाठीत उसण भरली होती, मी सभेला नव्हते, आणि सगळी चित्रे उघडायची असतात हे मला नंतरही कोणी सांगितले नाही. पडद्यावर कचऱ्याच्या वारांचे चित्र होते, भूकंपाच्या सरावाचे होते, देवळाच्या वर्गणीचे होते. त्याच रांगेत मिझोगुची नावाचे होते. मास्तरांनीच ते नीट रांगेत बसवले होते, ओबडधोबड दिसू नये म्हणून.

परवा रविवारी आळीचे गटार साफ करायचे होते. माझ्या शेजारी तोमोए कुरिबायाशी फावडे घेऊन उभी होती. ती मला म्हणाली:

"बाळाला दात आला हो फुसाएताई. काय गोड दिसतंय फोटोत!"

मी विचारले, कोणाच्या बाळाला? आजूबाजूची सगळी फावडी थांबली. मास्तर हाराशिमा गटारात वाकून बघू लागले, जणू तेथे काही पडले होते. तेव्हाच मला समजले की जे काही आहे ते माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत आहे.

मी चिखलाच्या बुटांनीच सभागृहात गेले. यावेळी मी फिकट पत्रेही उघडली. सून गरोदर असल्याचे पत्र होते. डिसेंबरात मुलगी झाल्याचे होते. बाबांच्या होडीचे नाव मुलीला ठेवावे असे वाटते, चिनामी, तुला चालेल का, असे विचारणारे होते. पहिल्या दाताचा फोटो होता. शेवटच्या पत्रात इतकेच होते: "आई, माझं प्रत्येक पत्र तू वाचल्याची पोच येते. उत्तर येत नाही. मी समजलो. आता लिहून तुला त्रास देणार नाही."

पोच कशी गेली याची मी चौकशी केली. मुलाचे पत्र उघडले की पडद्यावर एक चौकट येते: पाठवणाऱ्याला वाचल्याची पोच हवी आहे, द्यायची का? शुक्रवारी जो कोणी आधी यायचा तो 'होय' दाबायचा. तोमोए म्हणाली की शिक्का मारल्याशिवाय पुढे कसे जायचे, वाचून पोच न देणे बरे दिसते का? म्हणजे माझ्या मुलाला माझ्या नावाने शिक्के मारून पाठवले गेले, आणि मारणाऱ्यांना आपण कर्तव्य केले असे वाटत होते.

मी मास्तरांना सगळ्यांदेखत जाब विचारला. तुमच्या लक्षात आले नाही का, की ही सूचना नव्हे, पत्र आहे? ते म्हणाले की पहिल्याच वेळी लक्षात आले होते.

"पण तुम्ही काहीच बोलत नव्हता. म्हटलं, वाचून गप्प आहेत. घरची गोष्ट आहे, आपण कसं विचारायचं?"

"वाचताना ती घरची गोष्ट नव्हती का, मास्तर?"

ज्या माणसाने जन्मभर बंद पाकिटे दारोदार पोचवली, त्याने माझ्या नातीचा जन्म वाचला, माझ्याकडून मासळी घेतली, पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि घरी गेला. सगळ्या आळीने तसेच केले. कोणी वाईट बुद्धीने केले नाही असे मला प्रत्येकाने बजावून सांगितले. वाईट बुद्धीने केले असते तर एखाद्याने निदान टोमणा तरी मारला असता आणि मला डिसेंबरातच कळले असते.

त्याच दिवशी मी सापोरोला फोन केला. सुनेने उचलला. ती म्हणाली, "आई, त्यांनी फार वाट पाहिली. आता ते बोलणार नाहीत." मागे एक मूल रडत होते. मी काही सांगण्याच्या आत फोन बंद झाला. नंतर मी मेल लिहिला, तोही बहुधा त्याने उघडलेला नाही. उघडला तरी, आळीने तुझी पत्रे वाचली आणि मला दिसली नाहीत, हे कोण खरे मानेल? मी आई असून मला ते सबबीसारखे वाटते.

हवालदार मोरिवाकी यांनी मला समजावले की काही चोरीस गेलेले नाही, सगळी पत्रे जागच्या जागी आहेत, तेव्हा गुन्हा कोणता लिहायचा? माझे म्हणणे आहे की माझा पाच महिन्यांचा आजीपणा गेला आहे. त्याला कायद्यात काय म्हणतात ते चौकीने शोधावे. मास्तरांना अटक करावी अशी माझी मागणी नाही. ते चित्र मी स्वतः पुसून टाकले आहे, कोणाला न विचारता, आणि त्याबद्दल आळीने माझ्याविरुद्ध तक्रार द्यायची असेल तर खुशाल द्यावी.

माझी मागणी एकच आहे. या जबाबाची प्रत चौकीच्या शिक्क्यानिशी, चौकीच्याच खात्यातून माझ्या मुलाला मेलने पाठवावी. आईचे पत्र तो उघडणार नाही. पोलिसांचे कोणीही उघडतो.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. दोन ठिकाणी मी त्यांना पुन्हा वाचायला लावले. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे, म्हणून खाली शिक्का मारत आहे. शेवटी एवढे जोडून घ्यावे: चिनामी हे नाव मला चालेल. आणि तेप्पेईला कळवावे की वाचल्याची पोच मला नको, उत्तर हवे आहे.

शिक्का: मिझोगुची
समक्ष: हवालदार मोरिवाकी