टेकडीवरचा

गौरीशंकर : हितं राहतो कोण, तेवढं सांग. बाकीचं कशाला सांगायलास?

व्यंकट : अण्णा, ह्या टेकडीवर कोण राहणार? खांब हाय, खांबावर डबा हाय, वर सोलरची प्लेट. म्या आठवड्यातनं एकदा येतो, प्लेट पुसतो, विहिरींचे आकडे काढून नेतो. झालं.

गौरीशंकर : मंग माझ्या बायकोला रोज सांजच्याला कोण लिवतो?

व्यंकट : राजेश्वरीवैनींला? काय लिवतो?

गौरीशंकर : ती विहिरीत टेप सोडती, पाणी किती खाली गेलं ते फोनमदी घालती. त्याला माझं काय म्हणणं न्हाय, गावातल्या लई बायका करत्यात. पण आकडा गेला की हिकडनं उत्तर येतं. रोज. आन ती हसती.

व्यंकट : हसत असतील की.

गौरीशंकर : माझ्यासमोर तशी कवा हसली न्हाय. म्या फोन उचलून बघितला. 'मिळालं, राजेश्वरी. ऊट आयता?' आता बोल. कानडी येतं तुला?

व्यंकट : 'ऊट आयता' म्हंजी जेवण झालं का, एवढं येतं. जळकोटात कुणाला येत न्हाय?

गौरीशंकर : मंग तू तरी हायस, न्हायतर तिच्या माहेरचा कोणतरी हाय. तिकडं कर्नाटकात, आळंदकडं महांतप्पा म्हणून एक होता. तिला मागणी घातलेला. वायरमन झालाय म्हणं.

व्यंकट : ह्या कामाला वायरच न्हाय, अण्णा.

गौरीशंकर : थट्टा नको करू. पंधरा दिस झाले, म्या तिच्याशी बोललो न्हाय. उद्या तिचा भाऊ यायलाय, म्याच बोलावलंय. खरं काय ते आज सांग, न्हायतर उद्या ती जाती माहेरी.

व्यंकट : बसा. बसा हो आधी, दम खावा. ह्यात सिम न्हाय, नेट न्हाय. फोनमदनं आकडा विहिरीवरच्या डब्याला जातो, त्यो शेजारच्या डब्याला सांगतो, त्यो पुढच्याला, असं करत आकडा हितवर येतो. आला की हा डबा आपणहून माघारी निरोप धाडतो, म्हंजी बाईला कळावं, पोचला म्हणून. आधी त्यात 'ओके' यायचं. पाणी मोजायच्या ट्रेनिंगला बायका म्हणल्या, हे काय कोरडं कोरडं. मंग म्या एकेकीला इचारलं, तुमाला काय उत्तर पायजे? कमलबाई म्हणल्या, 'पोचलं' लिव. इरम्मानं तर 'शाब्बास इरम्मा' लिवून घेतलं.

गौरीशंकर : आन हिनं?

व्यंकट : वैनी बाकीच्या बायका जाईस्तवर थांबल्या. मंग मला बाजूला घिऊन सांगितलं, 'ऊट आयता?' लिव. म्या म्हणलं, वैनी, डबा हे रोजच इचारंल, सणावाराला बी, उपासाला बी. म्हणल्या, इचारू दे. कुणीतरी इचारू दे.

गौरीशंकर : आमच्या घरात बायका मागनं जेवत्यात. माझी आई बी तशीच जेवायची. त्यात इचारायचं काय असतंय?

व्यंकट : म्या कुठं काय म्हणलं.

गौरीशंकर : म्हंजी हितं कोण न्हाय.

व्यंकट : कोण न्हाय.

गौरीशंकर : माणूस असता तर कॉलर धरली असती. ह्याचं काय धरू?

व्यंकट : काढून टाकू का ते? 'ओके' ठिवतो परत.

गौरीशंकर : हात लावू नको त्याला.

(घरी. दिवेलागण झालेली.)

राजेश्वरी : ताट वाढलंय तुमचं.

गौरीशंकर : आकडा धाडलास?

राजेश्वरी : आत्ताच. पंधरा दिसांनी तोंड उघडलं, ते आकडा इचाराय?

गौरीशंकर : ती पिशवी भरलीस ती मोकळी कर. उद्या भाऊ आला तर पाहुणचार करू, आन धाडू एकट्याला माघारी.

राजेश्वरी : का? टेकडीवर गेलता व्हय?

गौरीशंकर : व्हय.

राजेश्वरी : मंग, भेटला का त्यो?

गौरीशंकर : राजेश्वरी, ऊट आयता?

राजेश्वरी : व्यंकटनं सांगितलं तुमाला.

गौरीशंकर : सगळं सांगितलं.

राजेश्वरी : मंग नका इचारू. शिकवल्यावर डबा बी इचारतो.

गौरीशंकर : येताना विहिरीवरनं आलो.

राजेश्वरी : तितं कोण सापडतंय का, ते बघाय?

गौरीशंकर : खोटं कशाला बोलू, त्येच बघाय. डबा आपणहून बोलतो, हे काय पटकन पटंना. तितं कोण न्हवतं. कठड्याचा दगड निसटलाय, आन बरोबर त्याच जागी तुझ्या चपलेनं गवत मळलंय. तितंच वाकून टेप सोडतीस तू?

राजेश्वरी : दुसरीकडनं टेप कपारीला अडकतो.

गौरीशंकर : कवापासनं निसटलाय?

राजेश्वरी : पावसाळ्यापासनं.

गौरीशंकर : बोलली न्हायस.

राजेश्वरी : कुणाला बोलायचं? तुमी कवा इचारलं न्हाय. डब्यात निस्ता आकडा जातो.

गौरीशंकर : सकाळी दगड बसवतो. तवर टेप म्या सोडीन. तू लांब उभी ऱ्हा.

राजेश्वरी : आन आकडा?

गौरीशंकर : आकडा तू धाड. ते तुझं काम हाय, मला कुठं येतंय.

राजेश्वरी : ताट निवायलंय. बसा आता.

गौरीशंकर : काय वाजलं?

राजेश्वरी : फोन. उत्तर आलं त्याचं.

गौरीशंकर : काय म्हणतोय?

राजेश्वरी : रोजचंच.

गौरीशंकर : बघू नको लगीच त्याच्याकडं. त्याला थांबू दे. आधी मला सांग.

राजेश्वरी : न्हाय. अजून न्हाय जेवले.