बोटीत घालतील म्हणून

आम्ही तंजावरचे. किती पिढ्या झाल्या ते कोण मोजतंय, माझ्या आजोबांनीसुद्धा महाराष्ट्र डोळ्यांनी पाहिला नव्हता. लग्न होऊन मी मद्रासला आले, गिंडीला, गल्लीत अकरा घरं आपल्या लोकांची, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ, शाळेत मी शिकवायची तेही तमिळच.

काय सांगू तुम्हाला, भीती घरात आणली ती माझ्या दिरांनी. ते बंदरात कारकून, एका बोटीवरचा म्हातारा ग्रीक खलाशी त्यांना आपल्या बेटावरच्या गावाचं सांगायचा. गावात ग्रीक होते, तुर्क होते, एकाच विहिरीचं पाणी प्यायचे, तुर्कांच्या घरीसुद्धा बोलायचे ग्रीकच. मग वरून हुकूम आला, धर्म बघून, तुर्क तितके तुर्कस्तानला, अस्की माणसं, एकूण एक, बोटीत घातली, आणि तिथली भाषा त्यांना यायची नाही हो! तिकडचे ग्रीक आणून त्यांच्या घरांत बसवले. दिरांनी हे जेवता जेवता सांगिटलं, आणि दिवस नेमके भाषेवरून राज्यं वेगळी करायचे. माझ्या सासू, अक्का म्हणायचो आम्ही, त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. म्हणाल्या, म्हणजे आपल्यालाही मुंबईकडं घालवतील? तिथं आपलं कोण आहे रे? दीर हसले. अक्का नाही हसल्या. त्या दिवसापासून रस्त्यात त्यांनी मला मराठीत हाक मारली नाही.

मग एकसष्टची शिरगणती आली. शिकवणाऱ्यांनाच लावलं त्या कामाला, माझ्या वाट्याला आमचीच गल्ली. एकेका माणसाची एकेक चिठ्ठी भरायची, तीत मातृभाषा, आणि माणूस सांगेल तेच लिहायचं हा नियम. अक्का दारात उभ्या. मी घरचीच सून, पण आत ये म्हणाल्या नाहीत. मातृभाषा विचारिली तर म्हणतात, आमची तमिळ गं बाई, तमिळच लिही, आणि हे अस्कं मराठीत! हसू यायला पाहिजे होतं मला. पण माझं पेन धरून म्हणाल्या, पोरी, मला बोटीत घालू नको. मी लिहिलं तमिळ. माझ्या चिठ्ठीवरही तेच लिहिलं, खोटं कशाला सांगू, मलाही भीती वाटली होती. बाकीच्या घरांत मी विचारायच्या आधीच विचारायचे, अक्का काय म्हणाल्या? आणि तेच सांगायचे.

वरचे साहेब कागद बघून म्हणाले, बरं झालं, अस्की गल्ली एका भाषेची, काम सोपं.

कुणी आलं नाही हो आम्हाला न्यायला. अक्का त्याच घरात वारल्या, शेवटच्या तापात बोट बोट करत होत्या. अकरा घरं आजही तिथंच आहेत, माणसं सुखात आहेत, देवाची कृपा.

तुम्ही लिहून घेताय, देव तुमचं बरं करो. माझी मातृभाषा मराठी लिहा. नातवंडांची काय ती त्यांनाच विचारा, पण तमिळमध्ये विचारा हं, नाहीतर त्यांना कळायचं नाही.