न बोलता उठले

बायांनो, एकदा जेवून नुसती उठले, तर एका बाईचा जीव जायची वेळ आली.

नागभीडला आमचा एसटीडी बूथ होता तेव्हाची गोष्ट. गावातल्या मारोतीचा खांदा अस्वलाने फाडला होता. तो नागपूरला दवाखान्यात, आणि त्याची खबर आमच्याच फोनवर यायची. रफिकभाऊंनी आपल्या हॉटेलात पाटी लावली, ‘आजची सगळी कमाई मारोतीच्या इलाजासाठी.’ मीही जेवायला गेले. मारोतीची बायको शेवंता स्वतः वाढत होती. तिच्यासमोर कुणी हसेना, बोलेना. सगळे मान खाली घालून जेवत होते. जेवण झालं आणि तेरवीच्या पंगतीतून उठतात तशी मी ‘येते’ न म्हणता निघाले.

शेवंता मागून धावत आली. “बाई, न बोलता काऊन चालल्या?”

“अगं, सवयीनं...”

“जित्या माणसाच्या जेवनाले?” तिच्या हातून वरणाची बादली पडली. “खरं सांगा, फोन आला ना? गेले का ते?”

मी ‘नाई गं, नाई’ म्हणत राहिले, पण तिला पटेना. शेवटी तिला धरून बूथवर नेलं, वॉर्डाचा नंबर लावला. बऱ्याच वेळाने मारोतीच फोनवर आला आणि ओरडलाच, “ठेचा काऊन नाई पाठोला? इथचं वरण पानचट हाये. तुले काई समजते का नाई?”

शेवंता खाली बसली आणि रडत म्हणाली, “आनखी बोला जी. आनखी शिव्या द्या. फोन ठेवू नोका.”