तागाचा दोर

बसच्या रांगेत माझ्यापुढे भाऊ-बहीण उभे होते. बॅगा भावाच्या, फासा बहिणीच्या हातात.

"दादा, तुझा योद्धा अजून दरीवर लटकतोय."

"मग पाड त्याला. मी नोकरीला चाललोय, आता कुठला खेळ?"

"पाडता येत नाही. दोर शाबूत आहे."

"तागाचा दोर, ताकद दोन. त्यावर ड्रॅगनने आग ओकली. राख व्हायला हवी."

"दोर ओला होता."

"कधीपासून?"

"खेळ मी चालवते. मी म्हणेन तेव्हापासून."

"त्याच आगीत आतेभावाच्या योद्ध्याची लोखंडी ढाल वितळली."

"ढाल हलकी होती."

"राजाने दिलेली."

"राजा चिकट होता."

"चिमे, नियमाने चल. फासा टाक. तीनच्या वर पडला तर दोर तुटला."

तिने बॅगेवर फासा टाकला.

"पाच. तुटला. बरं, बस लागली, निघतो."

"ताग तुटला. आत रेशमाचा पीळ आहे."

"त्याची ताकद किती?"

"सुट्टीत आलास की बघू."

"तोवर मी लटकतच राहू?"

"टोपलीतून जेवण खाली सोडत जाईन."

"टोपली कशाची?"

"दादा, बस सुटेल."